करार कुणाचा, सही कुणाची?

एस.टी.चा संप झाला म्हणजे आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून जी चर्चा चालते, तिचा साचा आता कायम होऊन गेला आहे. पहिल्या दिवशी प्रवाशांच्या हालांविषयी कळवळा व्यक्त होतो. दुसऱ्या दिवशी महामंडळाच्या तोट्याचे आकडे निघतात. आणि वाटाघाटी यशस्वी झाल्याची बातमी येऊनही तिसऱ्या दिवशी गाड्या आगाराबाहेर पडत नाहीत असे दिसले की, ‘यांच्या पुढाऱ्यांनी तर तडजोड मान्य केली, मग आता हे लोक कशासाठी अडून बसले आहेत?’ असा त्रासिक प्रश्न विचारला जातो. प्रश्न विचारणारे गृहस्थ बहुधा सज्जन असतात. पण प्रश्न उलटा आहे. पुढाऱ्यांनी मान्य केलेले सभासद का मानीत नाहीत, असे विचारण्याऐवजी, सभासदांस न विचारता पुढारी मान्य करतातच कसे, असे विचारावयास हवे. सार्वजनिक नोकरांच्या वतीने जो वेतनकरार करावयाचा, त्याचा मसुदा सही होण्यापूर्वी त्या नोकरांपुढे ठेवून त्यावर त्यांचे गुप्त मत घेतले पाहिजे, एवढेच आम्हांस या लेखात प्रतिपादन करावयाचे आहे. ही मागणी साधी आहे; आणि साध्या मागण्यांचे जे होते तेच हिचे झाले आहे. तिच्याकडे ना सरकार लक्ष देते, ना संघटना, ना आपण प्रवासी.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून एस.टी. ही महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांची शीर झाली आहे. शाळेस जाणारी मुलगी, तालुक्याच्या दवाखान्यात जाणारी म्हातारी, बाजारास निघालेला शेतकरी, यांचा दिवस तिच्या वेळापत्रकावर चालतो. जे हजारो हात हा गाडा ओढतात, त्यांचा संसार मात्र दर चार वर्षांनी होणाऱ्या एका वेतनकरारावर चालतो. मूळ वेतन किती, वार्षिक वेतनवाढ किती टक्के, महागाई भत्ता केव्हापासून, घरभाडे भत्ता कोणत्या दराने, थकबाकी एकरकमी की हप्त्यांनी, हे सारे त्या कागदात ठरते. चालकाच्या मुलाने पुढे शिकावे की नाही, हे त्या कागदातील एखाद्या कलमावर अवलंबून असते. आणि तो कागद सही होईपर्यंत त्या चालकाच्या दृष्टीस पडत नाही.

पुष्कळदा तर कागदाऐवजी नुसता आकडा येतो. १ जून २०१८ रोजी, एस.टी.च्या सत्तराव्या वर्धापनदिनी, तत्कालीन परिवहनमंत्र्यांनी ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ जाहीर केली. करार २०१६ ते २०२० या चार वर्षांचा. म्हणजे त्यातील दोन वर्षे तोवर उलटूनही गेली होती. वर्तमानपत्रांत तो आकडा वाचून आमच्यापैकी अनेकांनी डोळे विस्फारले. आता भागाकार करून पाहावा. लाखाहून थोडे अधिक कर्मचारी आणि अठ्ठेचाळीस महिने धरले, तर सरासरी दरमहा नऊ-दहा हजारांच्या आसपास येते. परंतु सरासरीने कोणाची चूल पेटत नाही. जुन्या माणसास किती, नव्या भरतीच्या वाहकास किती, त्यातून आधी दिलेले किती वळते होणार, ही वाटणी त्या एका आकड्यात दिसत नाही. संघटनांनीही ही घोषणा एकतर्फी म्हणून नाकारली, आणि आठवडाभरातच, ८ जूनला, राज्यभर अचानक गाड्या थांबल्या. चार हजार कोटी देऊन हे कृतघ्न संप करतात, असे त्या दिवशी म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या कचेरीतील पगारपत्रक डोळ्यांपुढे आणावे. वरिष्ठांनी सभागृहात एकूण खर्चाचा आकडा सांगितला आणि तुमच्या हाती काय पडणार ते सांगितलेच नाही, तर टाळ्या कितीजण वाजवतील?

यापुढचा दाखला अधिक गंभीर आहे. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस संघटनांच्या कृतिसमितीने उपोषण आरंभले. सरकारने महागाई भत्ता २८ टक्के केला, घरभाड्याचे मान्य केले, आणि समितीने आंदोलन मागे घेतले. पुढाऱ्यांच्या हिशेबी प्रकरण संपले. परंतु काही आगारांतील कामगार कामावर गेलेच नाहीत. आणि महामंडळाचे शासनात विलीनीकरण करा, ही मागणी घेऊन तो संप पाहता पाहता राज्यभर पसरला. २४ नोव्हेंबरला सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली. संप चालूच राहिला. २० डिसेंबरला, संपाची नोटीस ज्या संघटनेने दिली होती तिच्याच अध्यक्षांनी मंत्र्यांशी बोलणी करून संप मागे घेतल्याचे जाहीर केले. कामगारांनी त्या अध्यक्षांसच बाजूला सारले. जानेवारी २०२२त निरनिराळ्या संघटनांच्या कृतिसमितीने कामावर परतण्याचे आवाहन केले. तेही बहुसंख्यांनी मानले नाही. अखेर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील त्रिसदस्य समितीने विलीनीकरणाची मागणी अमान्य केली, आणि ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे गाड्या हलल्या.

जवळजवळ साडेपाच महिने! या काळात हजारो कामगारांवर निलंबनाची व बडतर्फीची कारवाई झाली, पगार बुडाले, काही घरांतून तर माणसेच कायमची गेली. आणि दुसऱ्या बाजूस खेड्यातील विद्यार्थी पायी चालला किंवा घरीच बसला. आम्ही त्या संपाचे अंध समर्थक नाही. विलीनीकरणाची मागणी व्यवहार्य होती की नव्हती, याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. त्या साडेपाच महिन्यांत तीन वेळा पुढाऱ्यांनी ‘मिटले’ असे सांगितले, आणि तीनही वेळा ते मिटले नव्हते. ज्यांच्या नावे तडजोड झाली त्यांचे मत एकदाही मोजले गेले नव्हते. मग ती टिकावी कशी? लग्नाच्या याद्या दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी करून टाकाव्या आणि वधूस अक्षता पडण्याच्या वेळी कळवावे, ही रीत आपण आपल्या घरांतून हद्दपार केली. कामगारांच्या बाबतीत मात्र ती आपणांस शिष्टसंमत वाटते.

मत न घेतल्याने नुकसान नुसते मानापमानाचे होत नाही. करारच कच्चा होतो. नोव्हेंबर २०२१ची वाढ पाहावी. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांस ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षेवाल्यांस ४,०००, आणि वीस वर्षांहून अधिक सेवा झालेल्यांस २,५०० रुपये. या पायऱ्यांमागे तर्क होता. नव्या कामगारांचे वेतन लाज वाटावी इतके कमी होते, त्यांस अधिक देणे न्याय्यच. पण ज्याने वीस-बावीस वर्षे घाटातून गाडी चालविली, त्यास नवख्याच्या निम्मी वाढ का, या प्रश्नाचे उत्तर त्यास कोणीतरी द्यावयास हवे होते. आगारात सभा भरली असती, जुना आणि नवा समोरासमोर बोलले असते, तर कदाचित जुन्यांनीच नव्यांसाठी दोन पावले मागे घेतली असती; कदाचित दुसरी काही वाटणी निघाली असती. तसे झाले नाही. परिणामी तोच प्रश्न तीन वर्षे धुमसत राहिला, आणि सप्टेंबर २०२४मध्ये, गणपती चार दिवसांवर आले असता, पुन्हा संप झाला. तेव्हा एप्रिल २०२०पासून सरसकट साडेसहा हजारांचा आकडा मान्य करावा लागला. २०२१त जो प्रश्न विचारावयाचा टाळला, त्याचे उत्तर २०२४त सरकारास व्याजासह आणि प्रवाशांस हालांसह द्यावे लागले.

२०१७चा संप दिवाळीत, २०२१चा दिवाळीच्या तोंडावर, २०२४चा गणेशोत्सवाच्या तोंडावर! हे लोक मुद्दाम सण गाठतात, अशी आमची तक्रार असते, आणि ती खोटी नाही. पण एरवीच्या दिवसांत त्यांचे ऐकण्याची काही सोय आपण ठेवली आहे काय? ज्याच्या मतास वर्षभर किंमत नाही, तो ज्या दिवशी किंमत येते तोच दिवस निवडणार.

कायद्यानेही या बाबतीत चमत्कारिक तऱ्हा केली आहे. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ‘प्रातिनिधिक संघटना’ ही कल्पना आणली: एका धंद्यात एका संघटनेस प्रतिनिधित्व मिळाले की वाटाघाटी तिच्याशीच. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हाही कायद्याच्या दृष्टीने त्यांचे प्रतिनिधी दुसरेच होते. तो कायदा रद्द करा, ही त्या संपातील एक मागणीच होती. गिरण्यांचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्याने संघटनेच्या मान्यतेसाठी मागील सहा महिन्यांत किमान ३० टक्के सभासदत्वाची अट घातली. आणि अशी मान्यता मिळालेल्या संघटनेच्या सभासदांपैकी बहुसंख्यांचे अनुकूल मत घेतल्यावाचून संपाची नोटीस दिल्यास तो संप बेकायदेशीर ठरविला. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. संपावर जावयाचे तर सभासदांचे मत पाहिजे. करार करावयाचा तर नको! काम बंद करण्याइतकी अक्कल ज्यास आहे असे कायदा मानतो, त्यास आपल्या वेतनाचा कागद वाचण्याइतकी अक्कल नाही असेही तोच कायदा मानतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेने, संघटना अनेक असल्यास ५१ टक्क्यांचा पाठिंबा असलेल्या संघटनेस एकमेव वाटाघाटीचा अधिकार दिला आहे. टक्का वाढला हे चांगलेच झाले. पण मसुदा सभासदांपुढे ठेवण्याचे बंधन तिनेही घातलेले नाही.

यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा आता विचार करू.

पहिला आक्षेप असा की, वाटाघाटी या गुप्तच असाव्या लागतात. चव्हाट्यावर करार होत नसतात. हे आम्हांस मान्य आहे. बोलणी चालू असता दोन्ही बाजूंनी काय सोडावे, काय धरावे, हे बंद दाराआडच ठरू द्यावे. परंतु बोलणी गुप्त असणे वेगळे आणि बोलण्यांचे फळ गुप्त असणे वेगळे. मसुदा तयार झाला की गुप्ततेचे प्रयोजन संपले. त्यानंतरही जो तो झाकून ठेवतो, तो प्रतिपक्षापासून झाकीत नसून आपल्याच माणसांपासून झाकीत असतो.

दुसरा आक्षेप: कामगारांस ही किचकट आकडेमोड कळत नाही. हा आक्षेप शिकलेल्या माणसाच्या तोंडी फार शोभतो, कारण त्यास एस.टी.चा वाहक काय करतो हे ठाऊक नसते. भरल्या गाडीत, धक्के खात, पूर्ण तिकीट, अर्धे तिकीट, निरनिराळ्या सवलती यांचा मेळ घालून तो शेकडो लोकांशी देवघेव करतो, आणि रात्री आगारात परतल्यावर दिवसभराचा हिशेब पैशापैशाने जुळवून रोकड भरतो. कमी पडल्यास स्वतःच्या खिशातून घालतो. एवढा हिशेब रोज चुकविल्यावाचून करणाऱ्या माणसास स्वतःची वेतनवाढ कळत नाही, असे म्हणणे हास्यास्पद आहे. मात्र मसुदा त्याच्या भाषेत हवा. कलमांवर कलमे आणि परिशिष्टांवर परिशिष्टे असे त्याचे रूप असेल, तर तो वकिलासही कळणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: मत घेऊ लागल्यास सभासद प्रत्येक करार फेटाळतील, आणि भांडण कधी मिटणारच नाही. याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा दाखल्याने द्यावे. इंग्लंडमधील सरकारी आरोग्यसेवेतील परिचारिकांच्या वेतनाचा तंटा डिसेंबर २०२२पासून संपापर्यंत गेला होता. पुढे सरकारने जो देकार दिला, तो स्वीकारावा अशी शिफारस रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या संघटनेच्या नेत्यांनी केली. एप्रिल २०२३मध्ये सभासदांनी मत दिले आणि ५४ टक्क्यांनी तो फेटाळला. त्याच सेवेतील युनिसन या दुसऱ्या संघटनेच्या सभासदांनी तोच देकार ७४ टक्क्यांनी स्वीकारला. २ मे रोजी सर्व संघटनांच्या मंडळाने बहुमताने तो मान्य केला. पुढे परिचारिकांच्या संघटनेने पुन्हा संपासाठी मत घेतले, तेव्हा निम्म्या सभासदांनीही मतदान केले नाही, आणि तेथील कायद्याप्रमाणे संपाचा मार्ग बंद झाला. म्हणजे काय झाले? आकाश कोसळले नाही. सभासद काही प्रसंगी नेत्यांस मागे ओढतात, काही प्रसंगी स्वतःच थांबतात. पण पुढाऱ्यांच्या बोलण्याची किंमत किती आणि असंतोषाची खोली किती, हे सर्वांस आकड्यांत कळते. आपल्याकडे ते कळण्यास साडेपाच महिने लागले.

शेवटचा आक्षेप करदात्याचा व प्रवाशाचा: पैसा जनतेचा आहे, मग मत नोकरांचेच का? बरोबर आहे, पैसा जनतेचाच आहे, आणि म्हणूनच मसुदा जनतेसही दिसला पाहिजे. ज्या कागदामुळे तिकीट महागावयाचे, तो कागद प्रवाशाने का वाचू नये? पण उघड्यावर ठेवलेला करार आणि उघड्यावर मोजलेले मत, यांनी जनतेचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते अर्धवट करारांनी, जे आज सही होतात आणि उद्या रस्त्यावर फाटतात.

सभासदांसही आम्ही दोन शब्द सुनावल्यावाचून राहणार नाही. वर्गणी भरावी, पावती घ्यावी, सभेस मात्र जाऊ नये. चार वर्षे कोणाच्या खिजगणतीत संघटना नसावी, आणि करार झाल्या दिवशी भ्रमणध्वनीवर आलेल्या अफवेवरून ‘पुढाऱ्यांनी विकले’ अशी ओरड करावी. हीही एक ठराविक रीत होऊन बसली आहे. एक पुढारी नकोसा झाला की दुसऱ्या तारणहारास खांद्यावर घ्यावयाचे, आणि त्यासही काही न विचारता सर्वाधिकार द्यावयाचे. माणसे बदलतात, रीत तीच राहते. पक्षापक्षांच्या आश्रयाने एकाच आगारात अनेक संघटनांच्या पाट्या लागल्या आहेत. प्रत्येक पाटीखाली निष्ठा आहे, पण मत मोजण्याची पेटी एकीखालीही नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरविली, तेव्हा मागण्या कामगारांपुढे ठेवल्या आणि त्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार सह्या घेतल्या. पुढे १८९०त दहा हजारांच्या सभेपुढे साप्ताहिक सुटीची मागणी मांडली, आणि ती मिळविली. ज्या काळी बहुसंख्य कामगारांस अक्षरओळखही नव्हती, त्या काळी पुढाऱ्यास त्यांची संमती घ्यावीशी वाटली. आज प्रत्येकाच्या हाती यंत्र आहे, एका क्षणात मसुदा हजारोंस धाडता येतो. आणि संमती घेणे मात्र अव्यवहार्य ठरते!

आमच्या वाचकांपैकी कोणास वाटेल की, हा खाकी कपड्यांचा प्रश्न आहे, आमचा नव्हे. त्यांनी मार्च २०२३ आठवावा. १ नोव्हेंबर २००५नंतर नोकरीस लागलेल्यांस जुने निवृत्तिवेतन मिळावे, यासाठी राज्यातील सरकारी कर्मचारी व शिक्षक १४ मार्चपासून संपावर गेले. हे लिपिक, शिक्षक, परिचारिका आमच्याच घरांतील होते. २० मार्चला मुख्यमंत्र्यांशी बोलणी झाली, तत्त्वतः आश्वासन मिळाले, आणि समन्वय समितीने संप मागे घेतला. हाती लेखी योजना काय पडली, हा प्रश्न त्या रात्री कित्येक घरांतून विचारला गेला. सात दिवसांचा पगार ज्यांनी पणास लावला होता, त्यांस ‘हे पुरेसे आहे काय?’ असे मतपेटीने विचारले गेले नव्हते. त्या रात्री आपल्या मनात जी चरफड झाली, तीच वाहकाच्या मनात झाली तर तिला बेशिस्त म्हणण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

यास्तव आमची मागणी थोडक्यात अशी आहे. मागणीपत्र तयार करण्यापूर्वी प्रत्येक आगारात आणि कचेरीत सभा व्हावी. मसुदा तयार झाल्यावर तो सोप्या मराठीत, प्रत्येक श्रेणीच्या माणसास महिन्याकाठी प्रत्यक्ष काय मिळणार या कोष्टकासह, किमान पंधरा दिवस सर्वांपुढे राहावा. त्यानंतर तटस्थ देखरेखीखाली गुप्त मतदान व्हावे, आणि बहुमत मिळाल्यावरच सही व्हावी. तसेच एकदा बहुमताने सही झाली की, अल्पमतात राहिलेल्यांनीही ती निमूटपणे पाळावी; तेव्हा मात्र आगाराच्या फाटकात उभे राहून गाडी अडविणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. कायद्यात दुरुस्ती होईल तेव्हा होवो. संघटनांनी आपल्या घटनेत हे कलम घालण्यास कोणाचीही आडकाठी नाही. जी संघटना ते आधी घालील, तिच्या शब्दास वाटाघाटीच्या मेजावर इतर सर्वांहून अधिक वजन येईल. कारण तिच्या सहीमागे किती माणसे उभी आहेत, हे समोरच्यास आकड्याने ठाऊक असेल.

पुढील वेतनकराराची बोलणी केव्हातरी सुरू होतीलच. त्या वेळी ‘तडजोड झाली’ अशी बातमी आली की आमच्या वाचकांनी समाधानाचा सुस्कारा टाकण्यापूर्वी एकच चौकशी करावी: ज्यांची ही तडजोड, त्यांनी ती वाचली आहे काय? उत्तर ‘नाही’ असे आले, तर सणाच्या प्रवासासाठी दुसरी सोय पाहून ठेवावी, हे उत्तम.